फ्रेंच शिकताना शब्दांसाठी इंग्रजी, व्याकरणासाठी मराठी

माँट्रियलमध्ये स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांचे नवागतांना एक सांगणे ठाम असते: फ्रेंच टाळू नका. क्वेबेकची फ्रेंच भाषेची सनद १९७७ची. तिच्यामुळे स्थलांतरितांच्या मुलांना सरकारी शाळा, मोजके अपवाद वगळता, फ्रेंच माध्यमाचीच मिळते. २०२२च्या कायद्यानुसार आरोग्य, सुरक्षितता यांसारखे विषय सोडले, तर सरकारी खाती आगमनानंतर सहा महिन्यांनी नवागतांशी फ्रेंचमध्येच व्यवहार करतात. शिकायचे की नाही हा प्रश्न म्हणून उरत नाही. उरतो तो कसे शिकायचे हा. आपल्यापैकी बहुतेकजण इंग्रजी माध्यमातून किंवा इंग्रजीत नोकरी करून आलेले असतात. त्यामुळे हाती येणारी पुस्तके आणि मोबाइलवरचे धडेही इंग्रजी भाषकासाठी लिहिलेले असतात, आणि या कामात मराठीचा काही उपयोग नाही असे आपण गृहीत धरतो. ते गृहीतक चुकीचे आहे. फ्रेंच शब्द इंग्रजीच्या आधाराने लवकर येतात. वाक्याची घडण मात्र बऱ्याच ठिकाणी मराठीच्या आधाराने जास्त सोपी जाते.

आधी शब्द. १०६६मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि पुढची काही शतके दरबार आणि न्यायालय यांची भाषा फ्रेंच राहिली. त्यामुळे सरकार, न्याय, शिक्षण, खानपान यांचे असंख्य इंग्रजी शब्द मुळात फ्रेंच आहेत. नेशन, स्टेशन, युनिव्हर्सिटी अशा शब्दांचा उच्चार तेवढा बदलायचा असतो. दगा देणारे शब्द थोडे आहेत, पण रोजचे आहेत: ‘लिब्रेरी’ म्हणजे पुस्तकांचे दुकान, वाचनालय म्हणजे ‘बिब्लिओतेक’, ‘दमांदे’ म्हणजे मागणी करणे नव्हे, नुसते विचारणे. काही शब्द इथे येऊनच शिकावे लागतात. कोपऱ्यावरचे किराणा दुकान ‘देपानर’, पाळणाघर ‘गार्दरी’. फ्रान्समधल्या पुस्तकात ‘देझने’ म्हणजे दुपारचे जेवण, क्वेबेकमध्ये मात्र सकाळची न्याहारी. इथे दुपारी ‘दिने’ आणि रात्री ‘सुपे’. जेवायचे आमंत्रण स्वीकारताना हा फरक लक्षात ठेवावा.

व्याकरणात पारडे फिरते. निर्जीव वस्तूला लिंग असते आणि त्याप्रमाणे विशेषण बदलते, हे इंग्रजी भाषकाला पटवून घ्यावे लागते. ‘मोठा दरवाजा, मोठी खिडकी’ म्हणणाऱ्याला ‘ग्रां’ आणि ‘ग्रांद’ नवे वाटण्याचे कारण नाही. ‘लाल’ मराठीत लिंगाप्रमाणे बदलत नाही, तसे फ्रेंचमधले ‘रूझ’ही बदलत नाही. फ्रेंच भूतकाळात काही क्रियापदे कर्त्याप्रमाणे चालतात, ‘तो गेला, ती गेली’ यासारखी, जरी तो फरक बहुधा लेखनातच दिसतो. इतर क्रियापदे आधी आलेल्या कर्माप्रमाणे चालतात: ‘मी लिहिलेला शब्द’ म्हणताना ‘एक्री’, ‘मी लिहिलेली चिठ्ठी’ म्हणताना ‘एक्रीत’. इंग्रजी पुस्तके हा नियम अवघड म्हणून पुढे ढकलतात. मराठी माणूस त्याच्या जवळचा नियम लहानपणापासून नकळत पाळत असतो. कर्म सर्वनाम असेल तर ते क्रियापदाच्या आधी येते: ‘झ त व्ह्वा’, म्हणजे शब्दक्रमासकट ‘मी तुला पाहतो’. ‘त्यु’ आणि ‘व्हू’ यांतली निवड आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’च्या अंदाजाने करता येते, फक्त क्वेबेकमध्ये ‘त्यु’वर लोक लवकर येतात.

उच्चारातही मराठी कामी येते. फ्रेंच त आणि प आपल्यासारखेच आहेत. इंग्रजी वळणाने त्यांत हवा सोडू नये. क्वेबेकच्या बोलीत इ आणि त्युमधल्या स्वरापूर्वी त आणि द यांचे दंततालव्य रूप होते: ‘चमचा’तला च आणि ‘जागा’तला ज. आठवड्याच्या सातही वारांच्या नावांत ‘दी’ असल्याने हा सराव रोज होतो. घशातला र आणि त्युमधला ओठ गोल करून म्हटलेला स्वर मात्र मराठीत नाहीत. ते ऐकून, परत परत म्हणूनच बसतात.

यावर पहिला आक्षेप असा की दोन्ही भाषांची लिंगे जुळत नाहीत. खरेच जुळत नाहीत: चंद्र मराठीत पुल्लिंगी, फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी. म्हणून प्रत्येक नाम ‘ल’ किंवा ‘ला’ या उपपदासकटच पाठ करावे. ‘-सिऑं’ने संपणारी नामे जवळजवळ नेहमी स्त्रीलिंगी आणि ‘-मां’ने संपणारी बहुधा पुल्लिंगी, एवढे माहीत असले तरी बरीच मदत होते. मराठीतून नामांची यादी मिळत नाही, लिंग पाळण्याची सवय मिळते. दुसरा आक्षेप तीन भाषांच्या सरमिसळीचा. कोणत्या कामासाठी कोणती भाषा हे आधीच ठरवले की ती टळते. मराठीत क्रियापद शेवटी येते, फ्रेंचमध्ये इंग्रजीसारखे मधे; तेव्हा साध्या वाक्याच्या क्रमासाठी इंग्रजीच धरावी. तिसरा आक्षेप माँट्रियलच्या इंग्रजीबहुल वेस्ट आयलंड भागातून ऐकू येतो: इथे इंग्रजीत भागते. दुकानात भागते, पण मुलांच्या शाळेतून आलेल्या सूचनांत आणि नोकरीच्या मुलाखतीत भागतेच असे नाही.

म्हणून उतरल्यावर पहिल्या आठवड्यातच ‘फ्रान्सिझासिऑं केबेक’मध्ये नाव नोंदवावे. २०२३पासून सुरू असलेल्या या सरकारी यंत्रणेचे वर्ग प्रौढांसाठी मोफत आहेत, पण जागा मिळायला वेळ लागू शकतो. क्वेबेकच्या भाषामापनात बारा पायऱ्या आहेत आणि पहिल्या चार नवशिक्यांच्या. वर्गात शिक्षक इंग्रजीतून समजावत नाहीत, याने घाबरून जाऊ नये. नियम समोर आला की त्याचे वाक्य मराठीत करून पाहावे आणि वहीत शेजारी लिहावे. जिथे जुळले तिथे वेळ घालवू नये. जिथे जुळले नाही, तेवढाच त्या आठवड्याचा अभ्यास.