आजोबांचे घड्याळ

मुलांनो, तुमच्या घरातील जुनी पेटी किंवा कपाट एकदा नीट पाहा. एखाद्या कोपऱ्यात आजोबांचे बंद पडलेले मनगटी घड्याळ सापडेल. त्याच्या काचेवर ओरखडे असतील, पट्टाही तुटलेला असेल. "आता याचा काय उपयोग?" असे म्हणून ते भंगारात देऊ नका. आधी त्याच्या तबकडीवरचे नाव वाचा. कदाचित तेथे 'एच.एम.टी.' ही अक्षरे दिसतील.

एच.एम.टी. म्हणजे हिंदुस्थान मशीन टूल्स. ही सरकारी कंपनी १९५३ साली बंगळूर येथे स्थापन झाली. त्या काळी आपल्याकडे मनगटी घड्याळे बहुधा परदेशांतून येत आणि ती महाग असत. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने एच.एम.टी.ने घड्याळांचा कारखाना काढला. तेथे तयार झालेली पहिली घड्याळे पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते लोकांपुढे आली. हळूहळू शिक्षक, कारकून, कामगार अशा साध्या माणसांच्या मनगटावरही घड्याळ दिसू लागले.

या घड्याळांची नावेही पाहा. जनता, जवान, पायलट, सोना, कोहिनूर! 'कोहिनूर' म्हणजे प्रकाशाचा पर्वत, हे उर्दू शिकणाऱ्या तुम्हांला सांगायला नको. 'जवान' हा शब्दही मराठीत फारसीतूनच आला आहे.

यांतील 'जनता' हे अगदी साधे घड्याळ. मग त्यात पाहण्यासारखे काय आहे? त्याची तबकडी मोकळी आहे. तास काटा आखूड आणि मिनिट काटा लांब असल्यामुळे दोघांत गोंधळ होत नाही. हात जरा वळवला, की वेळ कळते. काही घड्याळांवर देवनागरी आकडेही होते. दृष्टिहीन लोकांसाठी कंपनीने ब्रेल घड्याळे तयार केली. त्यांची काच उघडून काटे बोटांनी चाचपता येत. वापरणाऱ्याची अडचण ओळखून वस्तू घडवणे, यालाच चांगली रचना म्हणतात. त्यासाठी सोने किंवा हिरे लागत नाहीत.

आता घड्याळाच्या आत डोकावू या. किल्ली दिली, की आतली मुख्य कमान गुंडाळली जाते. ती सावकाश सुटते आणि दात्यांची चाके फिरवते. एक छोटे चाक मागेपुढे झुलत राहते आणि घड्याळाची गती ठरवते. 'जनता' घड्याळात एका सेकंदात ५ ठोके पडतात, म्हणजे एका तासात १८,०००! चाकांचे आस झिजू नयेत म्हणून त्यात १७ माणके बसवलेली असतात. माणिक म्हणजे तुमच्या उर्दूतील याकूत. मात्र ही माणके कृत्रिम असतात. ती शोभेसाठी नसून कामासाठी असतात.

पुढे बॅटरीवर चालणारी क्वार्ट्झ घड्याळे आली. त्यांच्यातील स्फटिक एका सेकंदात ३२,७६८ वेळा कंप पावतो. त्यामुळे ती अधिक अचूक वेळ दाखवतात आणि त्यांना रोज किल्ली द्यावी लागत नाही. किल्लीच्या घड्याळांची मागणी घटत गेली. शेवटी जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एच.एम.टी.ची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. जुन्या घड्याळांचे सुटे भाग आता सहज मिळत नाहीत. कारागीर एका बंद घड्याळातील चाक काढून दुसऱ्यात बसवतात. म्हणून तुम्ही फेकून दिलेल्या घड्याळाबरोबर दुसरे एखादे घड्याळ चालू होण्याची आशाही जाते.

तुम्हांला अशी घड्याळे जमवण्याचा छंद लागला, तर ईदीचे पैसे घेऊन लगेच बाजारात धावू नका. जुन्या घड्याळांवर नवा झगमगीत रंग देऊन ती 'अस्सल' म्हणून विकली जातात. तबकडी बदललेली असणे हा काही गुन्हा नाही. पण ते लपवणे ही फसवणूक आहे. म्हणून भिंगातून अक्षरे पाहा. ती पसरट किंवा वेडीवाकडी असतील, तर शंका घ्या. किल्ली देऊन घड्याळ कानाशी धरा. ठोका सारखा पडतो का, ते ऐका. काटे पुढे फिरवून पाहा. "यात काय काय बदलले आहे?" असे विक्रेत्याला स्पष्ट विचारा. घरातील मोठ्या माणसाला किंवा ओळखीच्या कारागिराला बरोबर न्या.

विकत घेतलेले घड्याळ जपणे हेही महत्त्वाचे आहे. रोज ठरावीक वेळी किल्ली द्या. किल्ली घट्ट लागली, की थांबा; जोर करू नका. जुने घड्याळ पाण्यापासून दूर ठेवा. काही वर्षांनी ते साफ करून तेल घालून घ्या. दहा बंद घड्याळे पेटीत ठेवण्यापेक्षा एक चालते घड्याळ हातावर असणे केव्हाही चांगले.

महाग घड्याळ दिवसाला पंचविसावा तास जोडत नाही. वेळ सर्वांना सारखाच मिळतो. म्हणून मित्राच्या मनगटावरील घड्याळाची किंमत विचारू नका आणि आपल्या साध्या घड्याळाची लाजही बाळगू नका.

आज एक काम करा. आजोबांजवळ बसा आणि विचारा, "आजोबा, हे घड्याळ तुम्ही केव्हा घेतले? त्या वेळी तुमचा पगार किती होता?" ते जे सांगतील, ते वहीत लिहून ठेवा. तुमच्या संग्रहातील ती पहिली नोंद असेल. घड्याळ पुन्हा चालू होईल किंवा होणार नाही. पण आजोबांची आठवण मात्र नक्की चालू होईल.

शब्दार्थ
तबकडी – घड्याळाचा आकडे असलेला भाग
कमान – स्प्रिंग
आस – ज्याच्याभोवती चाक फिरते तो दांडा
भिंग – वस्तू मोठी दाखवणारी काच
अस्सल – मूळचे, खरे

स्वाध्याय
१. 'जनता' घड्याळाची रचना चांगली का म्हणता येईल?
२. घड्याळात माणके कशासाठी बसवतात?
३. जुने घड्याळ विकत घेताना कोणती काळजी घ्यावी?
४. तुमच्या घरातील एका जुन्या वस्तूविषयी आठ ओळी लिहा.