गाडी कोणाच्या नावावर?

अहिल्यानगर

प्रिय भाच्यास,

पैसे मोजले, किल्ली हाती आली, तरी कायद्यापुढे गाडीचा मालक तोच, ज्याचे नाव आरसी बुकावर आहे. नोंदणीचे सारे नियम या एका गोष्टीभोवती फिरतात.

अहिल्यानगर जिल्ह्यात दोन परिवहन कार्यालये आहेत. नगरची गाडी एमएच १६, श्रीरामपूरची एमएच १७. संगमनेर, अकोले, कोपरगाव हा उत्तरेचा भाग श्रीरामपूरकडे येतो. पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, जामखेड नगरकडे.

नव्या गाडीचे पासिंग शोरूममार्फत होते. नोंदणीवाचून गाडी रस्त्यावर आणणे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ३९ ने मना आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षे चालते.

खरी काळजी जुन्या गाडीत घ्यावी लागते. आधी चासी व इंजिन नंबर आरसीशी ताडून पाहावेत. कर्जाचा बोजा असल्यास बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घ्यावा. व्यवहार राज्यातल्या राज्यात असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत फॉर्म २९ ने कळवायचे आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत फॉर्म ३० भरायचा. विमाही १४ दिवसांत नावावर करून घ्यावा. सह्या केलेले कोरे फॉर्म मध्यस्थाकडे ठेवून कोणीही निर्धास्त राहू नये. गाडी हातोहात पुढे विकली गेली, पण नाव बदललेच नाही, तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीतल्या मालकावरच येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे.

नगरहून पुण्याला बिऱ्हाड हलले तर नंबर तोच राहतो. फक्त पत्ता ३० दिवसांत फॉर्म ३३ ने बदलून घ्यायचा. परराज्यात गाडी १२ महिन्यांहून अधिक राहणार असेल तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी निघण्यापूर्वीच दंडाची चलने भरून मूळ कार्यालयाची एनओसी फॉर्म २८ ने मिळवावी. नव्या राज्यात कर भरल्यावर महाराष्ट्रात एकरकमी भरलेल्या करातील उरलेल्या काळाचा भाग परत मागता येतो.

वारंवार बदली होणाऱ्यांसाठी सप्टेंबर २०२१ पासून ‘बीएच’ मालिका आहे. नगरच्या लष्करी केंद्रातील जवान, सरकारी नोकर आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी ती घेऊ शकतात. तिचा नंबर राज्य बदलले तरी बदलत नाही.

विकणारा असो वा घेणारा, त्याने नवे नाव नोंदीत चढल्याचे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. तोवर व्यवहार पुरा झाला असे मानू नये.

तुझा,
मामा