दुकानदाराचा धर्म आणि गिऱ्हाइकाचा हक्क



"माझा धर्म आड येतो, म्हणून मी तुझे केस कापणार नाही," असे म्हणण्याचा अधिकार केशकर्तनालयाच्या मालकाला आहे काय? धर्मस्वातंत्र्य तर घटनेनेच दिले आहे, मग त्याला जाब कसा विचारणार, असे आपल्यातील कित्येकांना वाटते. म्हणून हा प्रश्न नीट समजून घेऊ.

धर्मस्वातंत्र्याचे २५ वे कलम अटीनेच सुरू होते. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्क यांच्या अधीन राहूनच हे स्वातंत्र्य मिळते. त्या हक्कांत अस्पृश्यता नष्ट करणारे १७ वे कलम आहे. तसेच धर्म, जात, लिंग अशा कारणांवरून दुकानात, हॉटेलात कुणाला अडवता येणार नाही, असे सांगणारे १५ (२) हे कलमही आहे.

पण 'दुकान' कशाला म्हणायचे? धोब्याचे आणि केस कापण्याचे दुकान त्यात येते काय, हा प्रश्न घटना समितीत निघाला. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी निःसंदिग्ध उत्तर दिले : होय, येते. येईल त्याला सेवा देण्यास मालक जेथे तयार असतो, ते दुकान. नुसते आत येऊ देणे पुरेसे नाही; सेवाही दिली पाहिजे.

१९५५ चा अस्पृश्यता (अपराध) कायदा १९७६ च्या दुरुस्तीने नागरी हक्क संरक्षण कायदा झाला. अस्पृश्यतेच्या कारणावरून माल वा सेवा नाकारणाऱ्यास त्याच्या ६ व्या कलमान्वये एक ते सहा महिने कैद आणि दंड आहे. धर्माचा आधार देऊन अस्पृश्यतेचे समर्थन करणे हाही ७ व्या कलमान्वये गुन्हाच आहे. म्हणजे जी सबब पुढे केली जाते, तीच अपराध ठरते. शिवाय पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर नकार अस्पृश्यतेमुळेच दिला असे न्यायालय १२ व्या कलमाने गृहीत धरते. तसे नव्हते, हे आरोपीने सिद्ध करायचे. १९९० पासून अनुसूचित जातींत बौद्धांचाही समावेश आहे. म्हणून "तुम्ही धर्म बदललात, आता तक्रार कसली?" या बोलण्याला फसू नका.

ही सबब परदेशातही पुढे आली होती. अमेरिकेत साउथ कॅरोलायनातील एका उपाहारगृहाच्या मालकाने काळ्या लोकांना बसवून वाढणे आपल्या धर्माविरुद्ध आहे, असे सांगितले. १९६८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते म्हणणे उडवून लावले.

आता धम्माकडे वळू. उपाली न्हावी होता. भगवंतांनी त्याला शाक्यकुमारांच्या आधी प्रव्रज्या दिली आणि त्या कुमारांनी त्याला वंदन केले. ज्या धम्मात हे घडले, त्यात जात पाहून सेवा देणारा व्यवसाय सम्यक आजीविका कसा ठरेल?

हा नियम आपल्यालाही लागू आहे. आपल्यापैकी कुणी पिठाची गिरणी, खानावळ वा सलून घातले असेल, तर दारात आलेल्या मातंग, चर्मकार वा भटक्या बांधवाला आपण कसे वागवतो? हक्क मागताना जी घटना आपण दाखवतो, तीच आपल्या गल्ल्यामागच्या भिंतीवरही हवी.

जयभीम!