आधी वही, मग कुदळ

पोरी, गोबीला निघालीस. घरात प्रत्येकजण "आमच्यासाठी डायनासोर आण" म्हणत असेल. त्यांना खुशाल सांग, आणायचं काहीच नाही. शोधायचं, जपून काढायचं आणि मंगोलियाच्या हवाली करायचं. "मुलीला झेपेल का?" असं कुणी विचारलंच, तर १९६३ ते १९७१ या काळातल्या पोलंड-मंगोलिया मोहिमांची आठवण दे. त्यांचं नेतृत्व झोफिया किएलान-यावोरोव्स्का या बाईंनी केलं, आणि एकमेकांशी झुंजतानाच गाडले गेलेले व्हेलोसिरॅप्टर आणि प्रोटोसेराटॉप्स १९७१ साली त्यांच्याच मोहिमेला सापडले. तुलाही झेपेल. फक्त मावशीचं एवढं ऐक.

१. जायच्या आधी एकदा चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला जाऊन ये, काही न उचलता नुसतं बघून ये — तिथे डायनासोरांची विष्ठा दगड होऊन पडलेली आहे, आणि शंभर दगडांतून वेगळा एक ओळखायची सवय डोळ्याला घराजवळच लागलेली बरी. त्याच विष्ठेत गवताचे अंश असल्याचं २००५ साली प्रसिद्ध झालं. बघण्यासारखं काही आपल्याकडे नाही असं समजू नकोस.

२. मोहिमेचा परवाना कुणाच्या नावावर आहे, कोणत्या जागेचा आहे, ते स्वतःच्या डोळ्यांनी वाच — मंगोलियात जीवाश्म ही सरकारची मालमत्ता आहे, परवान्याविना उचललेलं हाड म्हणजे चोरीच.

३. रोज संध्याकाळी खिसे झटकत जा, अंड्याच्या कवचाची कपचीसुद्धा राहू देऊ नकोस — खिशात गेलं ते शास्त्रातून गेलं. २०१२ साली टार्बोसॉरसचा एक अख्खा सांगाडा न्यूयॉर्कच्या लिलावात दहा लाख डॉलरच्या वर गेला होता. बोलोर्त्सेत्सेग मिंजिन या मंगोलियन संशोधक बाईंनी आवाज उठवला, मंगोलियाचे राष्ट्राध्यक्ष मध्ये पडले, प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१३ मध्ये सांगाडा उलानबातरला परत आला. पण तो नेमका कुठल्या थरातून काढला, शेजारी काय होतं, हे त्याच्याबरोबर परत आलं नाही.

४. पाण्याचा हिशेब करताना प्यायचं पाणी वेगळं धर आणि प्लॅस्टरचं वेगळं — माणसाइतकीच प्लॅस्टरलाही तहान असते, आणि दोघांची एकदम भागवायला गोबीत विहीर सापडेलच असं नाही. १९२२ साली अमेरिकन मोहिमेचे प्रमुख रॉय चॅपमन अँड्र्यूज मोटारगाड्या घेऊन गोबीत शिरले, पण पेट्रोल वाहणारा उंटांचा तांडा त्यांनी आधीच पुढे पाठवून ठेवला होता. तयारी अशी असते.

५. गेरजवळ, म्हणजे तिथल्या लोकांच्या गोल तंबूजवळ, जाताना लांबूनच "नोखोइ खोर" अशी हाक दे — "कुत्रा आवरा" असा त्याचा अर्थ, आणि तिथले कुत्रे खरंच आवरावे लागतात.

६. मिठाचा दुधाळ चहा पुढे आला की उजव्या हाताने घे, सावकाश पी, हाडांचं नंतर विचार — मेंढपाळ ती जमीन बारा महिने चालतो, तू पंधरा दिवस चालणार.

७. सकाळी पाय घालण्याआधी बूट उलटे करून आपट — थंडीत सापही ऊब शोधतात. अँड्र्यूज यांच्या छावणीत एका गार रात्री इतके विषारी साप शिरले की माणसांनी ४७ मारले.

आता बघायचं कसं ते सांगते. यात घाई केलीस तर रागावेन.

८. उजाडताच बाहेर पड आणि दुपारी तंबूत पडून राहा — तिरप्या उन्हात बारीक उंचवट्याचीही सावली पडते, डोक्यावरच्या उन्हात सगळं सपाट दिसतं. लवकर उठायचा तुला कंटाळा आहे, माहीत आहे मला. गोबीत चालणार नाही.

९. हाडाचा तुकडा दिसला की खाली बसू नकोस, उताराच्या वरच्या अंगाला बघ — पाणी तुकडे खाली नेतं, वर नाही. एकामागून एक तुकडे धरून चढत जा. जिथे ते संपतात, मूळ हाड तिथेच किंवा जरा वर खडकात असतं.

१०. हाड की दगड असा प्रश्न पडला तर रंगावर जाऊ नकोस, तुटलेली कड भिंगातून बघ — हाडाला बाहेर घट्ट थर आणि आत बारीक जाळी असते, दगड आरपार एकसारखा असतो. तरीही शंका राहिली तर तुकडा पुसून जिभेला लाव. हाडाची छिद्रं ओल ओढतात, म्हणून ते चिकटतं. पण चाटणं शेवटी, बघणं आधी.

११. गोल गुळगुळीत गोटा दिसला की "अंडं!" म्हणून ओरडू नकोस — वालुकाश्मात चुन्याचे गोळे आपोआप तयार होतात, आणि गोबीत सापडणारी पुष्कळ अंडी गोल नसून लांबट असतात. कवच शोध: एक-दोन मिलिमीटर जाडीचं, वर बारीक रेघा किंवा उंचवटे असलेलं.

१२. मोठ्याच्या नादात छोटं तुडवू नकोस — मोठं हाड कुणालाही दिसतं, छोट्याला तुझेच डोळे लागतात. १९२३ साली बायनझागच्या तांबड्या कड्यांपाशी अँड्र्यूज यांच्या मोहिमेतल्या वॉल्टर ग्रेंजर यांनी बोटाएवढी कवटी उचलली आणि "अनोळखी सरपटणारा प्राणी" असं लिहून न्यूयॉर्कच्या संग्रहालयाकडे पाठवली. ती निघाली डायनासोरांच्या काळातल्या सस्तन प्राण्याची. १९२५ साली "अशा आणखी मिळतात का बघा" असं पत्र आलं, ग्रेंजर कड्यापाशी गेले आणि तासाभरात दुसरी घेऊन परतले. मला त्या सगळ्या मोहिमेत हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

१३. ओळख पटली नसेल तर चिठ्ठीवर तसंच लिही, अंदाजाने नाव ठेवू नकोस — उतावळं नाव, जन्मभराचा डाव. १९२३ साली अंड्यांच्या ढिगावर एक सांगाडा मिळाला. अंडी प्रोटोसेराटॉप्सची धरली, आणि १९२४ साली त्या प्राण्याला "ओविरॅप्टर", म्हणजे अंडीचोर, असं नाव दिलं. १९९३ मध्ये गोबीतल्याच उखा तोलगोदला तशाच अंड्यात गर्भ सापडला, तो ओविरॅप्टरच्याच कुळातला. पुढे अंड्यांवर पाय दुमडून बसलेले त्याच कुळातले सांगाडेही मिळाले. चोर ठरलेला प्राणी बहुधा स्वतःची अंडी राखत होता. नाव मात्र तेच राहिलं.

१४. हाड जागचं हलवण्याआधी वहीत सगळं उतरव: नंबर, तारीख, जीपीएस, कोणता थर, डोकं कोणत्या दिशेला, कुणाला दिसलं — जागेवाचून हाड म्हणजे नुसता दगड. फोटोत पट्टी आणि उत्तरेचा बाण हवाच.

१५. लिहायचं पेन्सिलीने, आणि रात्री दुसऱ्या वहीत नक्कल — ओल्या हाताने शाई पसरते, आणि एकच वही वाऱ्याच्या मनावर सोडायची नाही.

१६. थर वाचायला शीक. ज्यात रेघा नाहीत असा एकजिनसी वालुकाश्म दिसला की पाय जपून टाक — उखा तोलगोदला पावसाने जड झालेली टेकड्यांची वाळू ढासळून प्राणी जागच्या जागी गाडले गेले, म्हणून तिथले सांगाडे इतके अख्खे आहेत.

१७. कुदळ लांब ठेव, दाभण आणि ब्रश जवळ ठेव — घणाची घाई, हाडाची राख. अँड्र्यूज मोठे मोहीमवीर, पण खोदायला उतावळे. मोडून आलेल्या हाडांना संग्रहालयातले लोक त्यांच्या नावाची "आरसीए" ही आद्याक्षरं लावत.

१८. हाडाची कड कळेल इतकंच उघडं कर, बाकी दगडातच राहू दे — सत्तर-पंचाहत्तर दशलक्ष वर्षं त्याला दगडानेच सांभाळलंय, प्रयोगशाळेपर्यंतही तोच सांभाळेल.

१९. भुसभुशीत हाडाला ॲसिटोनमध्ये पातळ केलेला पॅरालॉइड बी-७२ थेंब थेंब पाज, झटपट चिकटणारा डिंक लावू नकोस — पॅरालॉइड पुन्हा विरघळवून काढता येतो.

२०. प्लॅस्टर घालताना आधी भोवतीचा खडक खालून कोरून ओटा तयार कर, हाडावर ओला टिश्यू पेपर थाप, मग प्लॅस्टरमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या आडव्या-उभ्या घाल — मोडलेल्या हाताला डॉक्टर घालतो तेच हे. कागद नसला तर प्लॅस्टर हाडालाच धरतं आणि सोडवताना हाडाचा पापुद्रा घेऊन येतं.

२१. उलटवायच्या वेळी एकानेच हुकूम द्यायचा, बाकीच्यांनी हात लावून गप्प राहायचं — दोन आवाज, एक भगदाड.

२२. गठ्ठ्यावर नंबर दोन बाजूंना लिही, वरची बाजू आणि उत्तर बाणाने दाखव — ट्रकमध्ये एक बाजू घासली जातेच.

२३. सामान संपलं तर अडून बसू नकोस, आसपास बघ — १९२० च्या दशकातल्या अँड्र्यूज यांच्याच मोहिमांनी पोती संपल्यावर तंबूचं कापड फाडलं, पिठाची खळ केली आणि उंटांची गळलेली लोकर पेट्यांत भरली.

२४. अर्धवट खोदलेलं संध्याकाळी झाकून ठेव आणि जागेचा फोटो फोनवरून कुठेही टाकू नकोस — चोर कवटी, पंजे आणि नख्या नेतात, उरलेलं फोडून जातात.

२५. निघताना खड्ड्यातली माती चाळून घे, बोटाचं एक हाडही मागे ठेवू नकोस — बारीक हाडच पुढे साक्ष देतं. डायनोकायरस या डायनासोरचे १९६५ साली फक्त हात आणि खांदे सापडले होते, जवळपास अडीच मीटर लांबीचे हात. प्राणी कसा होता ते कुणालाच कळेना. पुढे कोरियन-मंगोलियन मोहिमेला सांगाडा मिळाला, तर त्याचं डोकं आणि पाय चोरीला गेलेले. ते युरोपात एका खासगी संग्रहात निघाले, आणि खड्ड्यात राहिलेलं पायाच्या बोटाचं एकच हाड चोरीच्या पायातल्या फटीत अचूक बसलं. २०१४ साली तो पाय मंगोलियाला परत मिळाला आणि प्राण्याचं पूर्ण रूप जगापुढे आलं.

२६. खड्डा बुजव, कचरा परत आण, आणि ओवोच्या दगडांच्या राशीतला एकही दगड हलवू नकोस — ती त्यांची पूजेची जागा आहे.

२७. शेवटच्या दिवशी आसपासच्या गेरमधल्या मुलांना बोलाव आणि काय सापडलं, ते कुठे जाणार आहे, ते दुभाष्याकडून नीट समजावून सांग. तू तर घरी परत येशील; त्या कड्यांची राखण पुढची पन्नास वर्षं त्याच मुलांनी करायची आहे.