फुल रेसला दम टाकणारी गाडी

"भाऊ, मेन जेट मोठा करून टाकू, मंग पाय गाडी कशी पयते!" कार्बोरेटरची गाडी फुल रेसला अडखळली की अमरावती-अकोल्याकडच्या गॅरेजात हे वाक्य हमखास ऐकू येतं. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे, आणि टू-स्ट्रोक गाडीच्या बाबतीत हा अर्धवटपणा पिस्टनवर बेततो. माझ्या गाडीच्या पिस्टनवर बेतला होता, म्हणून हे लिहितो आहे.

बाहेरून आणलेली खरीखुरी डर्ट बाइक आपल्या भागात कोणाला परवडते? त्यामुळे इकडचे हौशी लोक 1985 ते 1996 या काळात निघालेली आरएक्स हंड्रेड किंवा तिचीच भावंडं शोधतात. तिला बटण टायर, रुंद हँडल आणि उंच मडगार्ड चढवून पांदणीत आणि कोरड्या नाल्यात पळवतात. मीही तशीच एक घेतली. आधीच्या मालकाने एअर फिल्टरचा डबा काढून कोन फिल्टर लावला होता, सायलेन्सरही बदलला होता. पहिल्या-दुसऱ्या गिअरला गाडी अंगावर यायची. तिसऱ्यात फुल रेस दिली की थोडं अंतर झकास धावायची आणि मग कोणी पेट्रोलचा कॉक बंद केल्यासारखी ढेपाळायची. रेस सोडून जरा सावकाश चालवली की पुन्हा ताळ्यावर यायची.

गॅरेजवाल्याने तपासणी न करता मेन जेटच्या भोकात बारीक ड्रिल घातलं. हा उद्योग आपल्याकडे सर्रास चालतो. समजा, भोक 1.00 मिलिमीटरचं 1.10 झालं. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण क्षेत्रफळ 21 टक्क्यांनी वाढतं. शिवाय आतली कड खडबडीत होते आणि जेटवरच्या नंबरला काही अर्थ उरत नाही. त्यानंतर माझी गाडी पूर्वीपेक्षा लवकर दम टाकू लागली. "अजून मोठा करू," असं ठरत असतानाच एका दुपारी फुल रेसला पिस्टन धरला, मागचं चाक जागीच आवळलं आणि सिलिंडर बोअरला गेला.

निदान केलं परतवाड्याच्या एका म्हाताऱ्या फिटरने. त्याने कार्बोरेटरला हातही लावला नाही. "पेट्रोल येऊन रायलं का, ते त पाय पहिले," म्हणत त्याने टाकीचं झाकण फिरवलं. आत हवा ओढल्याचा फुस्स आवाज झाला. झाकणाच्या श्वासाच्या भोकात काळ्या मातीचा चिखल वाळून बसला होता आणि कॉकच्या जाळीवर गाळ होता. टाकीतून जेवढं पेट्रोल खाली यायचं, तेवढ्यावर अर्धी रेस भागत होती. फुल रेसला फ्लोटची वाटी भरण्याआधीच रिकामी व्हायची, आणि जेट मोठा केल्यावर तर ती आणखी लवकर आटू लागली. वाटी आटली की मिक्स्चर पातळ होतं आणि इंजिन तापतं. ऑइल पंप काढून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेलं असेल, तर पेट्रोलबरोबर ऑइलही कमी पडतं. मग पिस्टन धरणारच.

म्हणून पहिला प्रश्न एकच: गाडी फुल रेस देताच अडखळते की काही सेकंद नीट धावून? काही सेकंदांनी मरत असेल, तर जेटचा विचार बाजूला ठेवा. झाकण, कॉक, नळी, फिल्टर, फ्लोटची सुई या वाटेनेच जा. वाटीच्या खालचा ड्रेन स्क्रू उघडा, खाली बाटली धरा आणि धार पाहत राहा. ती सुरुवातीला जोरात येऊन मग बारीक होत असेल, तर दोष वाटीच्या वरच्या अंगाला आहे. हे करताना इंजिन थंड असावं, आणि शेजारी बिडी ओढणारा मित्र नसावा.

दुसरी गोष्ट इतकी साधी आहे की कोणी पाहतच नाही. गाडी बंद ठेवून फिल्टर काढा, पूर्ण रेस पिळा आणि कार्बोरेटरच्या तोंडातून आत डोकावा. स्लाइड पूर्ण वर जाऊन दिसेनाशी झाली पाहिजे. केबल सैल असेल, तर हात फुल रेसला आणि स्लाइड पाऊण रेसला, अशी गंमत चालू असते.

हे सगळं नीट असेल तरच कार्बोरेटर उघडावा. आत कामाची वाटणी असते. रेस नुकतीच उघडते तोवर पायलट जेट आणि एअर स्क्रूचं राज्य. पाव ते पाऊण रेसला नीडल. पाऊणच्या पुढे मेन जेट. आपण नेमके कुठे आहोत ते कळावं म्हणून ग्रिपवर आणि शेजारच्या स्विचच्या डबीवर चिकटपट्टी लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा. कित्येकांची "फुल रेस"ची तक्रार खरं तर अर्ध्या रेसची निघते. तिथे नीडलची क्लिप एक खाच खाली सरकवली की सुई वर उचलली जाते आणि मिक्स्चर जाड होतं.

पातळ की जाड, हे गाडीच सांगते. फुल रेसला अडखळत असताना रेस किंचित मागे घेतली आणि गाडीने उचल खाल्ली, तर पेट्रोल कमी पडतंय. भरभरा आवाज, मागे जाड धूर आणि नंतर काळा ओला प्लग दिसला, तर जास्त होतंय. तेव्हाही आधी फिल्टर पाहा. आपल्या काळ्या मातीची धूळ त्यात घट्ट बसते, फिल्टर तुंबतो आणि दोष मात्र जेटला लागतो. उलट, डबा काढून उघडा कोन फिल्टर लावला की हवा वाढते आणि जेटचा जुना नंबर अपुरा पडतो. कार्बोरेटर आणि इंजिनमधला रबर तडकला असेल, तर तिथूनही चोरून हवा जाते. टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरमध्ये साठलेला कार्बनही वरच्या टप्प्यात गाडीचा गळा आवळतो.

खात्री प्लगवरूनच करायची. इंजिन गरम करा, नवा प्लग लावा, तिसऱ्या गिअरला सरळ रस्त्यावर फुल रेस द्या. मग क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद करा आणि गाडी तशीच घरंगळू द्या. हळूहळू थांबवत आणलीत, तर प्लग मंद रेसचा रंग दाखवील. पोर्सेलीन खोल बुडाशी तपकिरी हवं. पांढरंफटक असेल, तर जेट मोठा हवा. त्यावर चंदेरी बारीक ठिपके दिसले, तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. गाडी तिथेच थांबवा आणि ढकलत घरी आणा.

ही चाचणी महामार्गावर नको. अमरावती-अकोला राष्ट्रीय महामार्गावर जून 2022 मध्ये 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत झालं आणि गिनीज बुकात गेलं. तेव्हापासून तो गुळगुळीत पट्टा पाहून पोट्ट्यांचे हात शिवशिवतात. पिस्टन धरला की मागचं चाक लॉक होतं, आणि मागून ट्रक येत असतो. मेळघाटच्या जंगलाचं तर नावच काढू नका. पऱ्हाटी निघाल्यावर घरच्या वावरातली सरळ, मोकळी वाट पुरते. क्लचवर दोन बोटं कायम ठेवा.

जेट बदलायचा तर नंबर छापलेला, चांगल्या बनावटीचा घ्या. ड्रिल कपाटात राहू द्या. मिकुनीचा 100 आणि केहीनचा 100 एकच नव्हे, त्यांच्या मोजायच्या पद्धती वेगळ्या आहेत. मुद्दाम मोठ्या नंबरपासून सुरुवात करून एकेक पायरी खाली या. जाड मिक्स्चरने फार तर प्लग काळा पडतो, पातळ मिक्स्चरने बोअर जातो. एका वेळी एकच बदल करा.

जुन्या मित्राने सांगितलेला नव्वदच्या दशकातला नंबर आज जसाच्या तसा चालेलच असं नाही. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला 9 किलो. या मिश्रणाला मग साडेतेराच्या आसपास पुरते. नव्या इंजेक्शनच्या गाड्या हा हिशेब आपोआप जुळवतात, कार्बोरेटरला ते कळत नाही. जुन्या जेटवर गाडी आपोआप पातळ चालते. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं. पावसाळाभर गोठ्यात उभ्या राहिलेल्या गाडीत ते पाणी वाटीच्या तळाशी बसतं, आणि मेन जेटचं तोंड तिथेच असतं. अशी गाडी काढताना आधी टाकी आणि वाटी रिकामी करा.

आपल्याकडच्या हवेचाही विचार हवा. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांवर जातो, जानेवारीच्या पहाटे 10 च्या आसपास येतो. थंड हवा तेव्हा साधारण 12 टक्के जास्त दाट असते. मेमध्ये काटेकोर लावलेला जेट जानेवारीच्या सकाळी पातळ पडतो, आणि थंडीत गाडी छान पळते म्हणून कोणाला शंका येत नाही. चिखलदऱ्याला याच्या उलट होतं: हजार-अकराशे मीटरवर हवा विरळ, म्हणून गाडी जड आणि धुरकट चालते. एका दिवसासाठी तिथे जेट लहान करण्याच्या भानगडीत पडू नका. घाट उतरून परतवाड्याच्या सपाटीवर आलात आणि तोच जेट राहिला, तर फुल रेसला गाडी थेट पातळ मिक्स्चरवर धावेल. हिवाळ्याचा आणि उन्हाळ्याचा असे दोन जेट नंबर लिहिलेल्या पुडीत सीटखाली ठेवा, आणि सध्या कोणता बसवलाय ते टाकीच्या पोटाला चिकटपट्टीवर लिहून लावा.