पोच

चिमूरच्या एका विद्यालयात मी मुख्याध्यापक होतो. पावसाळ्यात विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज रजिस्टर टपालाने चंद्रपूरला रवाना होत. नाल्यांना पूर आला की वाट बंद पडे. पोचपावती हाती येईपर्यंत मनास स्वस्थता नसे. कारण त्या एका पाकिटात कित्येक मुलांचे भवितव्य असे.

मुलांनो, दूरदूरच्या संगणकांमध्ये फाइल पाठवितानाही हीच चिंता असते. १९७० च्या सुमारास अमेरिकेत ‘आर्पानेट’ या जाळ्याने निरनिराळे संगणक जोडले जाऊ लागले. परंतु प्रत्येक यंत्राची अक्षरे साठविण्याची रीत वेगळी. मग एकाचे लिखाण दुसऱ्यास कसे कळावे? अलाहाबादेस जन्मलेले आणि कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या पहिल्या तुकडीत शिकलेले अभय भूषण तेव्हा मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रज्ञान संस्थेत होते. त्यांनी एप्रिल १९७१ मध्ये एक टिपण लिहून या देवघेवीचे नियम सुचविले. त्यांचेच नाव एफटीपी.

या नियमांवर चालणारे साधन पुढे सर्वत्र रूढ झाले. त्यात चित्रे नव्हती, की बटणे नव्हती. पडद्यावर आज्ञा टंकावी लागे. ‘गेट’ म्हटले की फाइल येई, ‘पुट’ म्हटले की जाई आणि ‘बाय’ म्हटले की निरोप! आज्ञा एका वाटेने जात, फाइल दुसऱ्या वाटेने. काम पार पडले की दूरचे यंत्र ‘२२६’ हा आकडा पाठवी. हीच त्याची पोच.

परंतु येथे एक मेख होती. ओळ संपल्याची खूण प्रत्येक संगणकात सारखी नसते. म्हणून मजकूर पाठविताना साधन त्या खुणा बदलून घेई. चित्रही मजकूर समजून धाडले, तर ते बिघडे. तरीही ‘२२६’ येईच! यासाठी आधी ‘बायनरी’ ही आज्ञा देऊन, यातील काहीही बदलू नकोस, असे यंत्रास बजावावे लागे.

एकदा माझ्याही हाती पोचपावती आली आणि मी निश्चिंत झालो. पण एका अर्जावर मुलाची जन्मतारीख मीच चुकीची लिहिली होती. अर्ज परत आला, तोवर मुदत टळली होती. आज तुम्ही मोबाइलच्या एका स्पर्शाने अर्ज पाठविता. पोच मिळते ती पाकिटाची. आतल्या मजकुराची जबाबदारी पाठविणाऱ्याचीच असते.

स्वाध्याय

१. ‘२२६’ आकडा येऊनही चित्र का बिघडे?
२. ‘मेख असणे’, ‘मुदत टळणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.