गेटसमोरची लोखंडी जाळी : गाडीचा भार पेलतो कोण?

आधी एक प्रयोग. तुमची प्लॅस्टिकची फूटपट्टी दोन पुस्तकांवर आडवी ठेवा आणि मधोमध बोटाने दाबा. लगेच वाकते ना? आता तीच पट्टी कडेवर उभी धरून दाबा. हलतसुद्धा नाही. पट्टी तीच, प्लॅस्टिक तेच, फरक फक्त ठेवण्याचा. आजचा सगळा धडा या एका गोष्टीवर उभा आहे.

आमच्या गेटसमोर साठ सेंटिमीटर रुंदीचं गटार आहे. त्यावर बसवलेली पहिली जाळी एका पावसाळ्यातच पाळण्यासारखी खाली झोळली. कारागिराने लोखंड कमी वापरलं असं सगळे म्हणत होते. खरं तर त्याने पट्ट्या आडव्या, म्हणजे झोपवून, वेल्ड केल्या होत्या. वरून बघताना जाळी भरगच्च दिसायची!

आता गणित. 50 मिमी उंच आणि 6 मिमी जाड पट्टी घ्या. पट्टीची वाकण्याविरुद्धची ताकद काढायला रुंदी × उंची × उंची ÷ 6 एवढंच करायचं. पट्टी उभी असेल तर 6 × 50 × 50 ÷ 6 = 2500. झोपवली तर 50 × 6 × 6 ÷ 6 = 300. म्हणजे वजन तेवढंच, पैसे तेवढेच, आणि ताकद आठपटीहून जास्त. उंचीचा वर्ग होतो, ही सगळी जादू तिथली.

मग गाडीचं काय? माणसांनी भरलेल्या लहान कारच्या एका चाकावर साधारण साडेतीनशे-चारशे किलो भार येतो. चाक आदळतं, म्हणून आपण 500 किलो धरू. म्हणजे सुमारे 5000 न्यूटन. चाक बरोबर मध्ये असताना पट्टीला वाकवणारा जोर सर्वांत जास्त असतो : भार × अंतर ÷ 4. इथे 5000 × 600 ÷ 4 = 7,50,000. पट्ट्या दर 40 मिमीवर असतील तर टायरखाली चार पट्ट्या येतात, त्यांची एकूण ताकद 10,000. भागाकार केला की दर चौरस मिलिमीटरला 75 न्यूटन ताण. साधं पोलाद 250 च्या आसपास कायमचं वाकायला लागतं. म्हणजे आपण निर्धास्त. पण याच जागी 25 × 5 ची पट्टी उभी लावली तर ताण 360 होतो. ती वाकणारच, वेल्डिंग कितीही छान असू दे.

पाण्याच्या टँकरचा विचार मात्र वेगळा करा. चार टायरच्या एका आसावर आपल्याकडे कायद्याने 11.5 टनांपर्यंत भार चालतो, म्हणजे एका बाजूला पावणेसहा टन. तिथे 50 × 6 ची पट्टी पुरत नाही, 75 × 10 सारखी जाड पट्टी लागते. दारात टँकर येतो का, हे जाळी सांगायला जाण्याआधी घरच्यांना विचारा.

पट्ट्यांची दिशा हीसुद्धा तितकीच महत्त्वाची. उभ्या पट्ट्या गटार ओलांडणाऱ्या हव्यात, दोन्ही टोकं दोन्ही काठांवर टेकलेली. गटाराच्या लांबीला समांतर लावल्या तर पट्टीचा भार काठावर जातच नाही, सगळं ओझं टोकाच्या चौकटीवर येतं. यात एक अडचण आहे, ती प्रामाणिकपणे सांगतो. गटार ओलांडणाऱ्या पट्ट्यांमधल्या फटी सायकलच्या चाकाच्या दिशेनेच असतात. बारीक टायरची सायकल अडकून मुलगा तोंडावर पडू शकतो. म्हणून दर 100 मिमीवर आडव्या सळया पट्ट्यांच्या माथ्याशी सपाट बसवून वेल्ड करायच्या, आणि फट कमी ठेवायची. सळया भार उचलत नाहीत, पण पट्ट्यांना कलंडू देत नाहीत, हे त्यांचं दुसरं काम.

टेकण्याची जागा बहुतेकजण विसरतात. दोन्ही काठांना काँक्रीटमध्ये अँगलची चौकट पक्की गाडलेली हवी आणि पट्टी प्रत्येक बाजूला निदान चार-पाच सेंटिमीटर टेकलेली हवी. नुसत्या विटेवर ठेवलेली जाळी वाकत नाही, वीट फुटते.

तीन मीटर गेटसाठी नुसत्या पट्ट्यांचंच वजन सव्वाशे किलोच्या आसपास जातं. म्हणून एकच अखंड जाळी करू नका, साठ-साठ सेंटिमीटरचे पाच तुकडे करा. दोघांना उचलता आले नाहीत तर गटार साफ कोण करणार? गॅल्व्हनाइझ करायचं तर वेल्डिंग झाल्यावरच करा. आधी केलं तर जोडावरचा थर जळतो, गंज तिथूनच सुरू होतो आणि त्या धुराचा कारागिराला त्रास होतो तो वेगळाच.

घरचा अभ्यास : गटार 90 सेंटिमीटर रुंद असेल, पट्ट्या त्याच 50 × 6, कार तीच, तर ताण किती येईल? आणि शाळेत येताना वाटेतल्या एका तरी जाळीच्या पट्ट्या उभ्या आहेत की झोपवलेल्या, ते वाकून बघून या. गाडी येत नाही ना, हे मात्र आधी बघा.